शनिवार-रविवारचा मोठा स्वयंपाक, ओट्यावर मांजर आणि सोमवारची उलटी : समस्या निवारण

सोमवार ते शुक्रवार ओट्याकडे ढुंकूनही न पाहणारी मांजर रविवारी मटणाची पिशवी घरात आली की थेट ओट्यावर असते. उतरवली तर पाच मिनिटांत परत वर. दुपारी रश्श्याच्या गंजाला (पातेल्याला) जीभ, संध्याकाळी कणकेत केस आणि सोमवारी पहाटे सोफ्यामागे उलटी. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. सुट्टी आली की सावजी रस्सा, वडा भात, सांबारवडी असा घाट घालायचा, ही नागपूरकरांची जुनी खोड आहे. मांजर असलेल्या घरात त्या घाटाबरोबर ही कटकट येतेच.

या तक्रारी चार दिसतात, पण बहुतेक घरांत त्यांचे मूळ एकच निघते. रविवारी माणसांचे वेळापत्रक बदलते आणि मांजरीचे बदलत नाही. त्यामुळे तपासणी ओट्यापासून न करता घड्याळापासून करावी.

आधी खाण्याची वेळ तपासा

मांजर पहाटे आणि तिन्हीसांजेला सर्वांत जागी असते. रोज सकाळी ७ ला वाटीत खाणे पडत असेल, तर रविवारीही तिचे पोट ७ लाच खाणे मागते. घर उठते ९ ला, चहा-तर्री पोहे होईपर्यंत १० वाजतात, तोवर मटण येते आणि मांजरीची वाटी रिकामीच असते. तीन तास भुकेली मांजर, ओट्यावर कच्चे मांस आणि तिथेच उभी असलेली घरची सगळी माणसे. या वेळी ती ओट्यावर चढली नसती तरच नवल.

उपाय साधा आहे. रविवारची पहिली वाटी रोजच्याच वेळेला द्यायची. उठणे होत नसेल तर टायमरवर उघडणारा फीडर रात्रीच कोरडे खाणे भरून ठेवावा. दिवसाचा एकूण वाटा मात्र वाढवायचा नाही, फक्त त्याचे तुकडे पाडायचे. घरात राहणाऱ्या, नसबंदी झालेल्या ४ किलोच्या प्रौढ मांजरीला दिवसाला साधारण २०० ते २२० कॅलरी पुरतात. कोरड्या खाण्याच्या १०० ग्रॅममध्ये बहुधा ३५० ते ४०० कॅलरी असतात (आपल्या पाकिटावरचा आकडा पाहून घ्या), म्हणजे दिवसाला ५५ ते ६० ग्रॅम. त्यातले २० ग्रॅम सकाळी ७ ला, १५ ग्रॅम स्वयंपाकाला हात घालण्याआधी १० मिनिटे आणि उरलेले संध्याकाळी. वजनकाटा स्वयंपाकघरात असतोच, तो इथेही वापरा. मुठीच्या अंदाजाने घातलेले १५ ग्रॅम सहज २५ होतात.

मधल्या वाट्याच्या आधी १० मिनिटे काडीला बांधलेल्या पिसाने मांजरीला पळवा. शिकार, खाणे, अंग चाटणे, झोप हा तिचा ठरलेला क्रम आहे. नुसते खाणे दिले तर ती खाऊन परत ओट्याशी येते. आधी दम काढला तर खाऊन अंग चाटते आणि बरेचदा तास-दीड तास झोपते. कांदा चिरणे, मसाला भाजणे, मटण परतणे यांना तेवढाच वेळ लागतो.

इथे चूक एकच होते. मांजर ओट्यावर चढते, मग "घे बाई, आधी तुझं" म्हणून वाटी भरली जाते. वाटी तीच आणि खाणेही तेच, पण मांजर शिकते की चढले की वाटी भरते. वाटी चढण्याआधी भरली पाहिजे. चढून झाली असेल तर तिला काही न बोलता उतरवा आणि १५ मिनिटे जाऊ द्या.

तुकडा कोण देतो ते शोधा

घरात चार माणसे असतील तर तिघे नियम पाळतात आणि चौथे माणूस, बहुधा आजी किंवा आजोबा, ताटातला तुकडा हळूच खाली सोडतात. दहा वेळा मागून एकदा मिळाले तर मागण्याची सवय सुटत नाही, उलट पक्की होते. दर वेळी मिळणारा तुकडा बंद केला तर मांजर लवकर नाद सोडते. कधीतरी मिळणारा बंद केला तर ती आठवडेच्या आठवडे वाट पाहते.

आजींना "देऊ नका" म्हणून उपयोग होत नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यापेक्षा त्यांच्या हातात देण्यासारखे काहीतरी ठेवा. मटणाला मीठ-हळद लावण्याआधी किंवा कोंबडी मसाल्यात जाण्याआधी एक लहान तुकडा नुसत्या पाण्यात शिजवून बाजूला काढायचा. मीठ नाही, आले-लसूण नाही, हाड नाही. वरखाऊ दिवसाच्या कॅलरींच्या दहाव्या भागापेक्षा जास्त नको, म्हणजे ४ किलोच्या मांजरीला सुमारे २० कॅलरी. कोंबडीच्या छातीचे शिजलेले मांस १०० ग्रॅमला साधारण १६५ कॅलरी देते, म्हणजे १० ते १२ ग्रॅम झाले. आगपेटीच्या निम्म्या आकाराचा तुकडा. त्याचे चार बारीक भाग करा. आजी देतील ते त्यातलेच, आणि देतील ते स्वयंपाकघराबाहेर ठरवलेल्या एकाच जागी, एखाद्या पायपुसण्यावर. मांजर हळूहळू ओटा सोडून त्या पायपुसण्यावर जाऊन बसते.

पहिले दोन रविवार प्रकार वाढेल. पूर्वी पाच वेळा चढत असेल तर दहा वेळा चढेल, ओरडेलही. बंद झालेले बक्षीस परत मिळवायचा तो शेवटचा जोर असतो. नेमका याच वेळी कोणाचा तरी जीव पाघळतो आणि मांजर शिकते की आणखी थोडे जास्त ओरडावे लागते, एवढेच. दुसऱ्या रविवारी हार मानायची असेल तर पहिल्या रविवारी सुरूच करू नका.

चढायला दुसरी जागा द्या

मांजर ओट्यावर खाण्यासाठीच चढते असे नाही. तिथून खिडकी दिसते, माणसांचे हात दिसतात, आणि ती जागा फरशीपेक्षा उंच असते. ओटा ३२ ते ३४ इंचांचा असतो, पाच फुटांची उडी मांजरीला जड नाही. म्हणून अडथळे रचण्यात अर्थ नसतो. ओट्यापेक्षा उंच, ४५ इंचांच्या वरची एक मान्य जागा हवी. फ्रिजचा माथा किंवा भिंतीतली फळी चालते. गॅसपासून ती किमान चार फूट दूर असावी, तिच्यावर न घसरणारी चटई असावी आणि तिथून ओट्यावर थेट उडी पडू नये. उकडलेल्या मांसाच्या चार भागांतला एक तिथे मिळाला की जागा आवडू लागते.

ओटा नावडता करायचा असेल तर पुठ्ठ्याच्या पट्ट्यांवर दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप लावून पट्ट्या कडेला ठेवा. टेप थेट ग्रॅनाइटवर लावली तर चिकटा निघता निघत नाही. शेगडी पेटवण्याआधी पट्ट्या उचलून ठेवा. मांजरीचा खरा सराव माणसे नसतानाचा असतो, म्हणून पट्ट्या रात्री आणि दुपारी ठेवायच्या.

पाण्याचा फवारा मारणे बहुतेक घरांत आधी करून पाहिलेले असते. मांजर त्यातून शिकते ते इतकेच, की बाटलीवाले माणूस घरात असताना चढू नये.

आता काही घरगुती तोडग्यांबद्दल, कारण यांनी मूळ समस्येपेक्षा जास्त नुकसान होते. तिखट भुरभुरणे : मांजर पंजे चाटते, तिखट तोंडात आणि डोळ्यांत जाते. डांबरगोळ्या : नॅफ्थलीन मांजरीला विषारी आहे. फिनाइलने ओटा पुसणे : फिनॉलसारखी रसायने निकामी करून शरीराबाहेर टाकायची क्षमता मांजरीच्या यकृतात फार कमी असते, आणि ओट्यावरून चालून ती पंजे चाटते. पाण्यात टाकले की दुधी होणारे क्लोरोझायलेनॉलवाले जंतुनाशकही याच यादीत.

संत्र्याच्या सालीचा तोडगा नागपुरात सुचणारच. दिवाळीच्या पुढे-मागे आंबिया बहराची संत्री बाजारात आली की घरोघरी साली असतात. ताजी साल ओट्याच्या कोपऱ्यात ठेवली तर काही मांजरी तासभर नाक मुरडून दूर राहतात, वाळली की परिणाम संपला. साल ठेवायला हरकत नाही, पण संत्र्याचे तेल फवारू नका. त्यातले लिमोनीन अंगावरून चाटले गेले तर मांजरीला लाळ सुटते, तोल जातो, अंग थरथरते.

ओटा पुसायला भांडी घासायचा साबण आणि गरम पाणी पुरते. कडाप्प्याचा ओटा असेल तर व्हिनेगर किंवा लिंबूही लावू नका. तो चुनखडीचा दगड आहे, आम्लाने त्यावर पांढरे डाग पडतात.

रस्सा चाटला असेल तर

इथे थोडे सविस्तर, कारण "एवढ्याशाने काय होतं" हे वाक्य इथेच चुकते. कांदा-लसणातील गंधकयुक्त संयुगे मांजरीच्या तांबड्या पेशी फोडतात. शिजवल्याने, तळल्याने किंवा वाळवल्याने ती जात नाहीत. कांदा-लसणाची पावडर तर ताज्यापेक्षा कितीतरी तीव्र असते. मांजरीत कांद्याची धोक्याची मात्रा वजनाच्या दर किलोला ५ ग्रॅमच्या आसपास मानतात, म्हणजे ४ किलोच्या मांजरीला २० ग्रॅम. लसूण त्याच्या तीन ते पाच पट तीव्र धरतात.

आता गणित करा. किलोभर मटणाच्या रश्श्यात २५० ग्रॅम कांदा आणि ४० ग्रॅम लसूण गेला आणि रस्सा दीड लिटर झाला असे समजू. त्यातला ७५ मिलिलिटर, म्हणजे जेमतेम अर्धी वाटी रस्सा मांजरीने संपवला, तर तिच्या पोटात साडेबारा ग्रॅम कांदा आणि २ ग्रॅम लसूण गेला. लसणाचे कांद्यात रूपांतर केले की बेरीज २० ग्रॅमच्या आसपास पोहोचते. दोन वेळा जीभ लावली तर घाबरायचे कारण नाही. गंज झाकायचा विसरला आणि मांजर पाच मिनिटे तिथे होती, तर आहे. दर रविवारी थोडे थोडे पोटात जाणेही निरुपद्रवी नाही, वारंवारच्या लहान मात्रांनीही रक्त कमी होते.

यातली फसवी गोष्ट म्हणजे वेळ. तेल-मसाल्याने पोट बिघडून उलटी सोमवारी होते आणि मंगळवारी मांजर बरी वाटते. रक्तपेशी फुटण्याची लक्षणे मात्र एक ते पाच दिवसांत केव्हाही दिसू शकतात, आणि बुधवारी सुस्त पडलेल्या मांजरीचा संबंध कोणी रविवारच्या रश्श्याशी लावत नाही. ओठ वर करून हिरड्या पाहा. गुलाबीऐवजी फिकट किंवा पिवळसर दिसल्या, श्वास जलद चालत असला, लघवी चहासारखी तपकिरी किंवा लालसर झाली, तर थेट दवाखाना.

घरी उलटी करवू नका. मिठाचे पाणी आणि हायड्रोजन पेरॉक्साइड दोन्ही मांजरीला घातक आहेत. ताक, दूध, तूप पाजूनही काही उतरत नाही, प्रौढ मांजरीला दुधाने जुलाबच होतात. वेदनाशामक म्हणून पॅरासिटामॉल तर मुळीच नको, ५०० मिलिग्रॅमची एक गोळी मांजरीचा जीव घेऊ शकते. काय खाल्ले, अंदाजे किती आणि किती वाजता, एवढे कागदावर लिहा आणि डॉक्टरांना फोन करा.

शिजलेली हाडेही तशीच. शिजवल्याने हाड ठिसूळ होते आणि त्याचे टोकदार तुकडे पडतात. नळी चोखून झाली की झाकणाच्या डब्यात, उघड्या टोपलीत नाही.

उलटी नेमकी कशाची, ते पाहून ओळखा

खाल्ल्यावर अर्ध्या तासाच्या आत, न पचलेले, नळीच्या आकाराचे बाहेर आले तर मांजर घाईत खाते आहे. दोन मांजरी शेजारी शेजारी खात असतील तर हे हमखास होते. त्यांच्या वाट्या वेगळ्या खोल्यांत ठेवा आणि कोरडे खाणे इडलीच्या ताटलीत प्रत्येक खळग्यात ३-४ ग्रॅम असे पसरा. खाण्याची गती आपोआप उतरते, शिवाय वेगळे भांडे विकत घ्यावे लागत नाही.

लांबट, दोरखंडासारखा केसांचा गोळा असेल तर केस विंचरणे कमी पडते आहे. पिवळे-फेसाळ पाणी पहाटे पडत असेल तर पोट फार वेळ रिकामे राहते, रोजच्याच वाट्यातले चिमूटभर खाणे रात्री झोपताना देऊन पाहा.

धागा दिसला तर वेगळी गोष्ट. चक्का टांगायच्या पंचाची दशी, पुड्याचा दोरा, दुधाच्या पिशवीचा कापलेला कोपरा, हे सगळे सुट्टीच्या स्वयंपाकघरात खाली पडते. मांजरीच्या जिभेवरचे काटे घशाच्या दिशेने वळलेले असतात, तोंडात गेलेला धागा तिला थुंकता येत नाही, गिळावाच लागतो. तोंडातून किंवा गुदद्वारातून लोंबणारा धागा ओढायचा नाही. दुसरे टोक आत अडकलेले असले तर आतडे कापले जाते. जसा आहे तसा ठेवून दवाखाना. आणि चक्का खुंटीला टांगण्याऐवजी गाळणीत ठेवून खाली भांडे देऊन फ्रिजमध्ये निथळू द्या. गोडाची चव मांजरीला कळतच नाही, ती श्रीखंडाकडे येते ते दुधाच्या स्निग्धांशासाठी.

एक-दोनदा उलटी होऊन मांजर चपळ असेल तर दोन-तीन तास पोटाला विश्रांती, पाणी थोडे थोडे, मग चमचाभर उकडलेली कोंबडी. दिवसात तीनपेक्षा जास्त उलट्या, रक्त, किंवा २४ तास अन्नाला तोंड न लावणे, यात वाट पाहू नका. उपाशी मांजरीच्या यकृतात चरबी साचू लागते, "लंघनाने बरं होईल" हा माणसांचा नियम तिला लागू नाही.

कणकेतले केस

केस परातीत मांजरीच्या अंगावरून कमी आणि पंख्याच्या वाऱ्याने जास्त येतात. शुक्रवारी संध्याकाळी पाच मिनिटे विंचरा, मग किंचित ओलसर रबरी हातमोज्याने अंगावरून हात फिरवा, सुटे केस गोळा होऊन येतात. शनिवारी सकाळी ओटा झाडू नका, कोरड्या झाडण्याने केस उडतात आणि नंतर बसतात. ओल्या फडक्याने एकाच दिशेने पुसा. मळताना स्वयंपाकघरातला पंखा बंद, परातीवर ओला पंचा. घरचा स्वेटर किंवा फ्लीस घालून मळू नका, सुती एप्रन बरा.

यीस्ट घातलेला पावाचा गोळा फुगायला ठेवाल तेव्हा बंद कपाटात ठेवा. तो खाल्ला गेला तर पोटाच्या उबेत फुगतच राहतो आणि आंबून मद्यार्क तयार होतो.

तळण आणि फोडणी

वडा भातासाठी वडे तळताना तेल १७०-१८० अंशांवर असते आणि शेजारच्या शेगडीवर कुकर शिट्टी देतो. शिट्टीने दचकलेली मांजर कुठे उडी मारेल ते सांगता येत नाही. तळणाची वीस मिनिटे आणि सावजी मसाल्याचा ठसका उठेपर्यंत तिला दुसऱ्या खोलीत दार लावून ठेवा, पाणी आणि लिटर ट्रेसह (शी-शूसाठी वाळू भरलेला ट्रे). बंद केल्याचा अपराधीपणा वाटायचे कारण नाही, तिला आवाजापासून सुटकाच मिळते.

पंजा भाजलाच तर नळाचे साधे पाणी १० ते २० मिनिटे. बर्फ, हळद, टूथपेस्ट काही नको. मांजर ते चाटते.

वाळवणावर बसणारी मांजर

मार्च-एप्रिलमध्ये गच्चीवर सांडगे, कुरडया, पापड पसरले की मांजर नेमकी चादरीच्या मधोमध. सकाळी ७ ते ९ मध्ये गच्ची थंड आणि पसरलेली चादर उन्हाने उबदार असते, म्हणून. दहानंतर पाय भाजू लागले की ती स्वतःच सावलीत जाते. तेव्हा तेवढे दोन-अडीच तास तिला घरात ठेवले की निम्मे काम झाले. बाकी खाटेवर पसरणे, वरून मच्छरदाणी ताणून कडा विटांनी दाबणे, आणि खाटेपासून दूर एक जुनी चादर तिच्यासाठी उन्हात टाकणे. पापडाच्या पिठात पापडखार आणि मीठ भरपूर असते, ओल्या लाट्या चाटू देऊ नका.

मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे गेला की गच्चीचे दार बंदच. मांजर तोंड उघडून धापा टाकू लागली तर ती लाडात नाही, उष्माघाताच्या वाटेवर आहे. कूलरच्या खोलीत आणा, पंजे आणि पोट साध्या पाण्याने ओले करा आणि लगेच डॉक्टर.

रविवारी दवाखाना

खासगी दवाखाने रविवारी दुपारनंतर मिळत नाहीत, हा अनुभव गाव बदलले तरी बदलत नाही. शुक्रवारीच दोन फोन करून ठेवा : आपले नेहमीचे डॉक्टर आणि सेमिनरी हिल्सवरच्या नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालयाचे चिकित्सालय. रविवारी आणि रात्री कोण पाहते, ते विचारून नंबर फ्रिजवर लावा. पाहुण्यांच्या गडबडीने बोके लघवी तुंबूनही बसतात. ट्रेमध्ये वारंवार बसतो, कण्हतो, थेंबही येत नाही, याला बद्धकोष्ठ समजून एरंडेल देऊ नका. तो तासांचा खेळ असतो, सोमवारपर्यंत थांबता येत नाही.

तीन-चार रविवार सगळे पाळूनही थांबत नसेल तर

मग भूकच खोटी नाही ना, ते पाहावे लागते. जंतांचे औषध तीन महिन्यांत दिले नसेल तर डॉक्टरांना विचारून द्या. मांजर दहा वर्षांच्या पुढची असेल, अलीकडेच अधाशी झाली असेल आणि तरी वाळत चालली असेल, तर थायरॉइड आणि रक्तातली साखर तपासून घ्या. पाणी पिणे आणि ट्रेमधले ओले गोळे वाढलेत का, तेही मोजा. वजन घरीच घेता येते : तिला कडेवर घेऊन काट्यावर उभे राहा, मग एकटे, आणि वजाबाकी करा. दर शनिवारी एकाच वेळेला घेतलेले चार आकडे कागदावर सोबत न्या, डॉक्टरांचे निम्मे प्रश्न त्यातच सुटतात.